लेक सिमकोवर आइस फिशिंगला जाताय? आधी बर्फ बघायला शिका

जानेवारी लागला की कॅनडात ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या आपल्या मराठी मंडळींमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, सिमकोवर बर्फ झाला का, जायचं का ह्या वीकेंडला? गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायचे, आणि सिमको तळं टोरंटोपासून तासा-सव्वातासाच्या रस्त्यावर, त्यामुळे मोह होणारच. पण "बर्फ झाला का" ह्याला हो किंवा नाही असं उत्तरच नसतं. सिमको सातशे चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे, एकाच दिवशी एका टोकाला लोक निवांत गळ टाकून बसलेले असतात आणि दुसरीकडे लाटा उठत असतात. म्हणून कोणी म्हणालं सिमको गोठलं, तर लगेच विचारा, कुठे?

दक्षिणेची कुक्स बे उथळ आहे, ती आधी गोठते. बॅरी शहराजवळची केम्पेनफेल्ट बे जवळजवळ ४० मीटर खोल, तिथे उशीर लागतो, आणि मधला मोठा भाग त्याहून उशिरा. कारण असं की पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्यामुळे आधी सगळं पाणी वरपासून खालपर्यंत ४ अंशापर्यंत उतरावं लागतं, मगच वरचा थर ० ला जातो. जितकं खोल तितका वेळ, त्यात वारा पाणी ढवळत राहिला तर अजून लांबतं. २०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की सीझन नावापुरताच झाला. त्यामुळे "गेल्या वर्षी ह्या तारखेला गेलो होतो" हा हिशोब धरूच नका.

आता जाडी. स्वच्छ, काळपट-निळसर दिसणारा नवा बर्फ कमीत कमी ४ इंच म्हणजे १० सेंमी असेल तर एक माणूस चालू शकतो असं साधारण धरतात, पण कॅनेडियन रेड क्रॉस १५ सेंमी सांगतं, आणि बायकापोरं बरोबर असतील तर मी १५ च्या खाली पाऊल टाकू नका असंच सांगेन. दुधाळ पांढरा बर्फ, म्हणजे बर्फावर पडलेला स्नो भिजून परत गोठलेला, त्याची ताकद निम्मीच, तिथे जाडी दुप्पट हवी. जाड स्नो पडला की लोकांना वाटतं आता छान गोठेल, होतं उलटं, खालच्या बर्फावर पांघरूण पडतं आणि तो वाढायचा थांबतो.

जाडी कळणार कशी, तर स्पड बार घ्या. आपली पहारच ती, टोकाला छिन्नी असते. पुढे पहार, मागे तुम्ही, दर दोन-तीन पावलांना एक जोरात घाव. पहार ठणकन उसळून हाताला झिणझिण्या आल्या तर ठीक. आवाज बद्द आला, किंवा एका घावात आरपार जाऊन भोकातून पाणी वर आलं, तर आल्या पावली मागे फिरायचं, बाजूने वळसा घालून बघू वगैरे नाही. आणि दर थोड्या अंतराने ऑगरने, म्हणजे बर्फात भोक पाडायच्या मोठ्या गिरमिटाने, भोक पाडून टेपने मोजा, काठाजवळ एकदा मोजलं म्हणून पुढेही तेवढाच असेल असं नसतं. हॉलंड नदी जिथे येऊन मिळते तिथे आणि उत्तरेला ॲथर्ली नॅरोजला प्रवाह आहे, मरिनाजवळ, म्हणजे बोटी लावायच्या जागी, पाणी गोठू नये म्हणून बुडबुडे सोडणारे बबलर चालू असतात, अशा जागा थंडी कितीही असली तरी टाळायच्या.

पण मोठ्या तळ्यावर सगळ्यात घात करतो तो वारा, आणि नवीन लोक नेमका तोच बघत नाहीत. बर्फ ८ इंच असला तरी पुढे कुठेतरी उघडं पाणी आहे आणि वारा काठाकडून आत वाहतोय, तर अख्खाच्या अख्खा तुकडा सुटून आत जाऊ शकतो. तुम्ही भोकाकडे डोळे लावून बसलेले असता आणि मागे काठाच्या बाजूला भेग रुंदावत जाते, कळतसुद्धा नाही. सिमकोवर असे लोक अडकून त्यांना सोडवून आणायची वेळ आलेली आहे. म्हणून निघायच्या आधी तापमानाबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही बघा, दुपारी दिशा बदलणार आहे का तेही. येताना ओलांडलेल्या भेगा फोनच्या जीपीएसवर मार्क करा, मधूनमधून उठून मागे बघून या. बर्फ धडाम् करून वाजला तर लगेच घाबरू नका, थंडीत आक्रसताना आवाज होतोच, पण ताजी ओली भेग दिसली तर सामान गुंडाळा.

गळ्यात आइस पिक्स, म्हणजे बर्फात रोवायचे मुठीचे टोकदार खिळे, हवेतच, बॅगेत नाही, गळ्यात. पाण्यात तरंगवणारा फ्लोटर सूट, बुटांना न घसरायचे क्लीट्स, दोरी, आणि एकट्याने जायचं नाही. पडलातच तर मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त ह्यांचं १-१०-१ लक्षात ठेवा: १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतात, शुद्ध जायला मात्र तासभर लागतो. म्हणजे घाबरून धडपडू नका, जिकडून आलात तिकडे तोंड करा, पिक्स रोवा, पाय मारत पोटावर वर सरका आणि उभं न राहता लोळत लांब जा. दुसऱ्याने जवळ धावायचं नाही, आडवं पडून दोरी टाकायची आणि ९११ ला फोन.

पहिल्यांदा जात असाल तर सरळ हट ऑपरेटरकडून हट, म्हणजे बर्फावरची छोटी झोपडी, भाड्याने घ्या, ते लोक रोज बर्फ बघतात आणि नेऊन-आणूनही सोडतात. हीटर चालू असताना हटची खिडकी थोडी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. १८ ते ६४ वयाच्यांना मासेमारीचं लायसन्स लागतं. कुक्स बेला पर्च हा छोटा मासा मिळतो, ६ इंचाचं भोक पुरतं, झाऱ्याने चुरा काढायचा आणि छोटा जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, तळापासून वीतभर वर धरायचा, पर्च इतका हळू ओढतो की काठीचं टोक जेमतेम हलतं. लेक ट्राउट आणि व्हाइटफिश हे मोठे मासे खोल पाण्यात, त्यांना ८ इंचाचं भोक पाडा.

मार्चमध्ये मात्र टेपवर विश्वास ठेवू नका. उन्हाने बर्फाचे उभे सुट्टे खांब होतात, फूटभर जाड असला तरी आतून पोकळ, आणि सकाळी ज्यावरून चालत आलात तो दुपारी धरेल ह्याची खात्री नाही. पहार सहज रुतायला लागली की त्या वर्षीचं आइस फिशिंग तिथेच बंद करायचं.