अमेरिकेच्या जुन्या जनगणनेत पणजोबा शोधताय? या चुका टाळा

पणजोबा बोटीने अमेरिकेला गेले एवढंच घरात ऐकलेलं असतं, मग नातू कधीतरी फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर बसतो, आडनाव टाकतो, काही येत नाही, विषय संपला. अहो, आडनाव आधी टाकायचंच नाही. गणनेवाला दारात ऐकू आलं तसं लिहायचा, घरी कोणी नसलं तर शेजाऱ्याला विचारून, त्यात आपलं नाव-वडिलांचं नाव-आडनाव, म्हणजे विठ्ठलरावच आडनाव होऊन बसलेले असू शकतात. जन्म इंडिया, अंदाजे वय, अमेरिकेतलं राज्य एवढंच टाका, बास. 'नासिक' तर शोधूच नका, रकान्यात बहुतेक नुसता देश असतो.

१९२० ते १९४० च्या गणनांत वंशापुढे 'हिंदू' दिसलं की लोक तो धर्म समजतात. तसं नाही, शीख, मुसलमान सगळ्या भारतीयांना तेच लिहायचे.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. १९२० मध्ये नागरिकत्वापुढे 'एनए' म्हणजे नागरिक झालेला आणि १९३० मध्ये त्याच माणसापुढे 'एएल' म्हणजे परदेशी, की हा वेगळा माणूस म्हणून सोडून देतात. थांबा! १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिक होता येणार नाही असं ठरवलं, आणि आधी मिळालेली नागरिकत्वंही सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली. दार परत उघडलं ते १९४६ ला. त्यामुळे तो उलटा बदल आपल्या माणसाचाच असू शकतो.

आल्याचं वर्षही दर गणनेत दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतं, त्यावरून कोणाला बाद करू नका. १८९० ची गणना शोधण्यात वेळ घालवू नका, १९२१ च्या आगीनंतर तिचं जवळजवळ काही उरलं नाही. आणि १९५० च्या पुढचं अजून खुलं नाही, ७२ वर्षं नोंदी बंद ठेवायचा नियम आहे.

माणूस सापडल्यासारखा वाटला तरी लगेच वंशावळीत चिकटवू नका. आल्याच्या वर्षाच्या आसपासच्या बोटींच्या प्रवासी याद्या काढा, १९०७ नंतरच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाईकाचं नाव-पत्ता विचारायचे, गाव कळलं तर तिथेच. मग ते गाव आणि आडनाव घेऊन पंचवटीत नाहीतर त्र्यंबकला आपल्या घराण्याच्या गुरुजींकडे नामावळी, म्हणजे येऊन गेलेल्या यजमानांच्या वह्या, बघा. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचायला गुरुजींनाच सांगा, आणि फोटो काढायच्या आधी विचारा.