पालखीच्या वाटेवर हॅम रेडिओ: क्लबने संपर्कसेवा कशी उभारावी

ज्येष्ठ वद्यात, बहुधा योगिनी एकादशीच्या सुमारास, संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते. त्या दिवशी हडपसरपासून दिवे घाटाच्या माथ्यापर्यंत हातात मोबाइल असूनही फोन लागत नाही, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल. टॉवर बंद पडलेले नसतात. एकेका टॉवरच्या वाट्याला एरवीच्या कितीतरी पट माणसे आलेली असतात. अशा ठिकाणी हौशी रेडिओचालकांचा, म्हणजे बोलीभाषेत हॅम मंडळींचा, क्लब खरोखर उपयोगी पडू शकतो. मात्र ऐन दिवशी संच घेऊन पोहोचले की सेवा झाली, ही समजूत आधी सोडावी लागते. या सेवेचे बहुतेक काम पालखी हलण्याच्या कितीतरी आठवडे आधी करायचे असते आणि त्यातले बरेचसे कागद-पेन्सिलीचे असते.

परवाना आणि नियम

भारतात हौशी रेडिओ केंद्र चालवायचे तर केंद्रीय दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखेकडून परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. त्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे. परवान्याचे रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन वर्ग असून पहिल्यासाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेषांच्या संकेतलिपीची, परीक्षा नसते. कॉल साइन, म्हणजे चालकाला मिळालेले ओळखचिन्ह, व्हीयू३ ने सुरू झाली तर चालक रिस्ट्रिक्टेड वर्गाचा आणि व्हीयू२ ने सुरू झाली तर जनरल वर्गाचा, असे सर्वसाधारणपणे ओळखता येते. पालखीच्या कामासाठी लागणारा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा दोन्ही वर्गांना खुला असल्याने नवख्या सदस्यांनी मोर्सच्या धास्तीने मागे राहण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे परवानाच नाही त्यांनी संचाचे बटण दाबू नये. नोंदवही लिहिणे, निरोप पायी पोहोचवणे आणि बॅटऱ्या सांभाळणे ही कामे त्यांना बिनदिक्कत देता येतात, आणि माझ्या मते चांगला नोंदलेखक मिळणे हे चांगला चालक मिळण्यापेक्षा अवघड असते.

हॅम वाहिनीवर मोबदला घेऊन काम करता येत नाही, व्यापारी निरोप देता येत नाहीत आणि सांकेतिक भाषेत गुप्त बोलणे चालत नाही. त्रयस्थांचे निरोपही सरसकट नेता येत नाहीत. त्यामुळे क्लबने जिल्हा प्रशासनाकडून मदतीची लेखी विनंती घ्यावी आणि ते पत्र जोडून परवाना देणाऱ्या कार्यालयाची आवश्यक ती परवानगी वेळेत मिळवावी. तोंडी ‘या तुम्ही, आम्ही आहोतच’ एवढ्यावर निघू नये.

आठवड्याची नेट

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम चालक दूरदूरच्या केंद्रांशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. हौसेचे बोलणे थांबवून त्यांनी त्याच केंद्रावरून अंदमानातल्या लोकांची खबरबात मुख्य भूमीपर्यंत पोहोचवली. तेथे संच, अँटेना आणि चालक संकटाच्या आधीपासून जागेवर होते, रोज चालू होते, म्हणून ते कामी आले. क्लबने आठवड्यातून एक संध्याकाळ ठरावीक वेळी, ठरावीक वारंवारतेवर सर्वांची हजेरी, म्हणजेच नेट, का घ्यावी, याचे उत्तर यात आहे.

या साप्ताहिक नेटमध्ये नियंत्रकाची जागा दर वेळी वेगळ्या सदस्याला द्यावी. नियंत्रकाने कॉल साइन पुकारायची, बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचे आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मगच बोलायचे, कारण लगेच बोलल्यास पहिला शब्द कापला जातो. दर आठवड्याला एक सराव अवश्य करावा: नियंत्रकाने नाव, गाव आणि दोन आकडे असलेला वीसेक शब्दांचा निरोप एकदाच वाचावा, प्रत्येकाने तो लिहून घ्यावा आणि पुढच्या बैठकीत कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या महिन्यात हे कागद पाहून सगळ्यांचाच चेहरा पडतो.

चुका कुठे होतात हेही तिथेच कळते. मराठी आकडे खरखरीत आवाजात फार फसवतात. ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’, ‘त्रेपन्न’ आणि ‘त्रेसष्ट’ यांतला फरक शब्दाच्या शेपटाला असतो आणि नेमके तेच खरखरीत बुडते. म्हणून आकडे सुटे सांगण्याची सवय लावावी: दोन, नऊ, पाच, तीन. कॉल साइनमधल्या इंग्रजी अक्षरांसाठी ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो ही जगभरची पद्धत आहेच, पण ‘शेंडे’ की ‘शिंदे’ हे ठरवायला तिचा उपयोग नाही. तिथे बालवाडीतली रीतच कामाची ठरते: श शहामृगाचा, त्यावर मात्रा आणि अनुस्वार, मग ड डमरूचा, त्यावरही मात्रा. ऐकणाऱ्याला हसू येते, पण नाव बरोबर लिहिले जाते.

काम नेमके कोणते, हे ठरवणे

प्रशासन आणि आयोजकांबरोबर बसून कोणत्या प्रकारचे निरोप न्यायचे ते आधीच लिहून घ्यावे. रुग्णवाहिकेची मागणी, हरवलेल्या माणसांची माहिती, पाण्याच्या टँकरची मागणी आणि रथ कुठवर आला ही चार कामे छोट्या क्लबला पुष्कळ झाली. पोलिसांकडे त्यांची स्वतःची बिनतारी यंत्रणा असते, तिच्या कामात शिरू नये. प्रत्येक ठिकाणी निरोप स्वीकारून त्यावर कृती करणारी व्यक्ती कोण, हे पदासह ठरले पाहिजे. सासवडला आपला चालक मंडपात बसला आहे आणि वैद्यकीय पथक तळाच्या दुसऱ्या टोकाला आहे, असे झाले तर वाहिनी कितीही स्वच्छ असली तरी निरोप तिथेच पडून राहतो.

वाटेची पाहणी

पालखीच्या दोन-तीन आठवडे आधी निदान दोनदा जाऊन वाट तपासावी. व्हीएचएफच्या, म्हणजे आपल्या १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासारख्या, लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात आणि दिवे घाटाची धार पुण्याकडची बाजू आणि सासवडकडची बाजू यांच्यामध्ये भिंतीसारखी उभी आहे. वडकी नाल्याजवळ किंवा मस्तानी तलावाच्या अंगाला उभे राहून पाच वॅटच्या हँडीवरून, म्हणजे हातात धरायच्या छोट्या संचावरून, सासवडला हाक मारली, तर बहुधा उत्तर येणार नाही. घाटमाथ्यावर, दोन्ही बाजूंना मोकळी नजर पोहोचते अशा जागी एक मधले केंद्र ठेवले की दोन्हीकडची बोलणी जोडली जातात. एका सदस्याने घाटमाथ्यावर थांबावे आणि दुसऱ्याने रस्त्याने चालत दर वळणावर हाक देऊन कुठे स्वच्छ, कुठे तुटक आणि कुठे मुळीच ऐकू येत नाही, हे नकाशावर तीन रंगांनी भरावे.

ही पाहणी मोकळ्या रस्त्यावरची असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. गर्दीत माणसांची शरीरे लहरी शोषतात आणि कमरेला लटकवलेल्या हँडीची रबरी अँटेना आपल्याच अंगाला चिकटून निम्मी निकामी होते. संच डोक्याच्या उंचीवर धरून बोलावे आणि पक्क्या केंद्रांवर रबरी अँटेनाचा नाद सोडावा. चपट्या दोनतारी केबलपासून केलेली, सुमारे दीड मीटर लांबीची स्लिम जिम अँटेना उंच बांबूला बांधली, तर पाच वॅटचा तोच संच ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

परिसरात रिपीटर, म्हणजे आलेले बोलणे उंचावरून आपोआप पुन्हा प्रसारित करणारे केंद्र, असेल तर त्याचा उपयोग जरूर करावा, पण सगळा भार त्यावर टाकू नये. तो बंद पडला तर कोणत्या थेट वारंवारतेवर यायचे, हे प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे लिहिलेले असावे.

वीज आणि पाऊस

बॅटरीचा हिशेब अंदाजाने करू नये. वाहनात बसवायचा साधारण २५ वॅटचा संच नुसता ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना सहाच्या आसपास अँपिअर घेतो, असे धरू. दहा तासांत एकूण एक तास बोलणे झाले तर ऐकण्याचे साडेचार आणि बोलण्याचे सहा, मिळून साडेदहा अँपिअर-अवर लागतात. म्हणजे यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची बॅटरी दुपारीच मान टाकणार. घाटमाथ्याच्या केंद्राला तर दोन्ही बाजूंचे निरोप पुन्हा बोलावे लागत असल्याने त्याचा खर्च याहून बराच जास्त असतो. तिथे मोटारीची बॅटरी न्यावी आणि काम भागेल एवढ्या कमी शक्तीवरच बोलावे.

जूनचा पाऊस धरूनच जावे. अँटेनाची केबल संचात शिरण्याआधी खाली झुकती ठेवावी, म्हणजे पाणी तारेवरून संचात न येता तिथेच ठिबकते. वीज कडाडू लागल्यास कोणाची परवानगी न विचारता बांबू खाली घ्यावा, केबल काढावी आणि हँडीवर यावे.

निरोपाचा कागद

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वडकीच्या मदत केंद्रावर साधारण सत्तरीच्या आजी येतात. त्यांना दिंडीचा क्रमांक आठवतो, एकशे बारा. चालक तेवढेच पुढे पाठवतो आणि घोळ होतो, कारण रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक स्वतंत्र असतात. रथापुढे सत्तावीसच दिंड्या असल्याने एकशे बारा हा आकडा रथामागचाच असणार, हे जाणकाराला कळेल. पण आजी ‘बारा’ म्हणाल्या असत्या तर? म्हणून छापील कागदावर ‘रथापुढे / रथामागे’ अशी खूण करायची जागा हवीच. वाहिनीवर तो निरोप असा जावा:

‘निरोप क्रमांक एक, चार. वेळ एक, पाच, दोन, शून्य. वडकी मदत केंद्राकडून सासवड तळ मदत केंद्रास. महिला, वय अंदाजे सात शून्य, हिरवे नऊवारी. दिंडी रथामागे, एक, एक, दोन. केंद्रात सुखरूप आहेत. दिंडीप्रमुखांना कळवावे. उत्तर हवे. ओव्हर.’

घेणाऱ्याने तो जसाच्या तसा परत वाचून दाखवावा आणि दोघांनीही आपापल्या कागदावर वेळ टाकावी. हॅम वाहिनी कोणीही ऐकू शकतो, त्यामुळे रुग्णाचे नाव किंवा आजार सांगू नये. मदत केंद्राने दिलेला नोंदणी क्रमांक तेवढा सांगावा.

प्रत्यक्ष दिवस

प्रत्येक केंद्रावर दोघे असावेत, एक बोलणारा आणि एक लिहिणारा, आणि चार तासांनी त्यांची अदलाबदल व्हावी. नियंत्रकाने दर अर्ध्या तासाने हजेरी घ्यावी. हजेरीला उत्तर आले नाही तर आधी शेजारच्या केंद्राला हाक मारण्यास सांगावे, मग माणूस पाठवावा.

आमच्या क्लबच्या एका पदयात्रेत वाहिनी अचानक मुकी झाली होती. टाळांचा आवाज आणि कोणाचा तरी धापा टाकणारा श्वास, एवढेच सगळ्यांच्या संचातून येत होते. एका सदस्याच्या पिशवीच्या पट्ट्याखाली हँडीचे बटण दबले होते, आणि दुर्दैवाने तो सदस्य मीच होतो. त्यानंतर आम्ही दोन नियम केले. वाहिनी दोन मिनिटे अडकली तर कोणी न सांगता सर्वांनी ओळखपत्रामागच्या थेट वारंवारतेवर जायचे, आणि प्रत्येक संचात एका बोलण्याची मर्यादा दोन मिनिटांची लावून ठेवायची. ही सोय बहुतेक हँडींच्या मेनूत असते; ती निघण्यापूर्वी तपासावी.

आवरताना

पालखी तळावर पोहोचली म्हणून नेट बंद करू नये. मागे राहिलेले वारकरी अंधार पडेपर्यंत घाट चढत असतात आणि पाय घसरण्याचे प्रकार बऱ्याचदा तेव्हाच होतात. नियंत्रकाने उत्तर न आलेले निरोप क्रमांकाने पुकारावेत आणि प्रत्येकाचा निकाल लावून घ्यावा: एक, चार, आजी दिंडीत पोहोचल्या का? ‘कळवले होते’ हे उत्तर चालत नाही, ‘पोहोचल्या’ हवे. घाटमाथ्याचे केंद्र सर्वांत शेवटी उठते. शेवटची रुग्णवाहिका उतरल्याचे सासवडने सांगितल्यावर त्याने आपली कॉल साइन देऊन केंद्र बंद केल्याची वेळ नोंदवावी, बांबू सोडावा आणि घरी गेल्यावर, कितीही दमलेले असले तरी, झोपण्याआधी बॅटरी चार्जिंगला लावावी.