बटणांचे फोटो काढताना या चुका टाळा

शर्टाचं बटण साधारण ११ मिलिमीटरचं असतं. हलत नाही, लाजत नाही, घरात कुठल्याही कपाटात सापडतं. म्हणून जवळून फोटो काढायला शिकणारे बरेच जण आधी त्याच्याकडेच वळतात. बहुतेकांचा पहिला फोटो फसतोही एकाच पद्धतीने: मधोमध एक गोल, त्यावर पांढरा चट्टा, आणि चार भोकांपैकी दोन धूसर. मग कॅमेऱ्याला दोष देत नव्या लेन्सच्या किमती बघणं सुरू होतं. यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी दोनच सवयी असतात. एक, गरजेपेक्षा जवळ जाणं; दुसरी, उजेड समोरून टाकणं.

फोन जवळ नेला की फोकसच लागत नाही

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला ठरावीक अंतराच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. अनेक फोनांत हे अंतर दहा-पंधरा सेंटिमीटर असतं, मोठा सेन्सर असलेल्या महागड्या फोनांत उलट जास्तच. त्याच्या आत गेलात की बरेच नवे फोन न विचारता अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सवर जातात. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं फुलाचं चिन्ह उमटतं तेव्हा हेच झालेलं असतं. या लेन्समागचा सेन्सर सहसा लहान असतो, कडा ताणल्या जातात, आणि फोन बटणापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आल्याने त्याचीच सावली बटणावर पडते. आता उजेड कुठून आणणार?

उपाय सरळ आहे. सेटिंगमध्ये जाऊन हा आपोआप होणारा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायचा मोड, बंद करा, वीतभर मागे या, दोन पट झूम करा आणि उरलेलं काम नंतर फोटो कापून करा. पाच पट किंवा दहा पट झूमच्या मोहात पडू नका. त्या लेन्सना बहुधा याहून जास्त अंतर लागतं आणि ते मिळालं नाही की फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र ताणून दाखवतो.

पोर्ट्रेट मोड, म्हणजे मागचा भाग आपोआप धूसर करणारी सोय, इथे वापरूच नका. माणसाचे कान कुठे संपतात हे ओळखताना त्याची तारांबळ उडते, तिथे बटणाची भोकं आणि त्यातून गेलेला दोरा त्याला काय कळणार? कडा करवतीने कापल्यासारखी येते आणि एखादं भोक पार्श्वभूमी समजून पुसट केलं जातं.

मॅक्रो लेन्स आहे, तरी अर्धं बटण धूसर

लेन्सवर १:१ लिहिलंय, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाएवढी उमटते, म्हणून प्रत्येक फोटो १:१ वरच काढायला हवा असं कोणी सांगितलं? फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर त्या प्रमाणात, लेन्सचं छिद्र एफ/८ ला ठेवून (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळते. बटणाची उंच कड, खोलगट मध्य आणि दोऱ्याचा उंचवटा धरला तर तुम्हाला तीनेक मिलिमीटर हवेत. मग लोक छिद्र एफ/२२ पर्यंत बंद करतात आणि सगळंच मऊ झालं म्हणून वैतागतात. ते विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे होतं. शिवाय १:१ ला लेन्सचं परिणामी छिद्र आकड्यापेक्षा सुमारे दोन स्टॉप लहान होतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एफ/१६ ठेवलं तरी काम एफ/३२ सारखं चालतं.

थोडं मागे सरका. अर्ध्या प्रमाणावर, म्हणजे १:२ ला, त्याच एफ/८ वर खोली जवळपास तीन मिलिमीटर होते. आजच्या सेन्सरवर तेवढं कापून घेणं सहज परवडतं. ते नको असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. स्थिर बटणासाठी ही पद्धत झकास आहे. मात्र ट्रायपॉड डगमगता असेल, किंवा पंखा चालू असून कापड हलत असेल, तर जोडलेल्या फोटोत दोऱ्याची दोन-दोन टोकं दिसतात. पंखा बंद करायचं राहून जातं, हेच बहुतेकदा कारण असतं.

कोनाबद्दलही इथेच सांगतो. बटण एकतर अगदी वरून टिपा, कॅमेरा टेबलाला समांतर ठेवून, किंवा सरळ तिरपं टिपा. मधलं काही नको. पाच-दहा अंशांनी कललेलं बटण बघणाऱ्याला हात हललेला वाटतं.

बटण चपटं दिसतं

हा खरा मुद्दा आहे, आणि यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. बटणाचं सगळं सौंदर्य उंच-सखल भागात असतं: कडेची रिंग, भोकांचे काठ, घासून गुळगुळीत झालेला भाग, करवंटीच्या बटणातल्या रेषा. समोरून फ्लॅश मारला की सावल्या नाहीशा होतात आणि उरते ती एक रंगीत चकती. उजेड बाजूने, टेबलापासून फार तर वीस-तीस अंशांवरून आला पाहिजे. खिडकीशेजारचं टेबल पुरतं. ऊन थेट येत असेल तर काचेवर बटर पेपर चिकटवा आणि विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा करा, म्हणजे सावली काळीकुट्ट होणार नाही.

हे पटत नसेल तर लिफ्टमधल्या बटणाशेजारच्या ब्रेल ठिपक्यांवर प्रयोग करा. ते जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतात. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ते जवळपास दिसतच नाहीत; मित्राला बाजूने टॉर्च धरायला सांगा, प्रत्येक ठिपका आपापली सावली घेऊन उभा राहतो.

शिंपल्याच्या बटणाची गोष्ट वेगळी. त्याची चमक पातळ थरांवरून परत येणाऱ्या प्रकाशामुळे असते, त्यामुळे ती कोनावर अवलंबून. दिवा हलवत बसण्यापेक्षा बटण जागच्या जागी फिरवा. एका ठिकाणी हिरवट-गुलाबी झाक उमलते आणि जरा पुढे गेलं की तेच बटण साधं प्लास्टिक वाटतं.

पितळी किंवा स्टीलचं बटण म्हणजे छोटा आरसाच. त्यावर दिसणारा काळा डाग तुमचा फोन असतो आणि पांढरा चट्टा तुमचा शर्ट. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, लावून हे जाईल अशी आशा नको; प्लास्टिक, पाणी, पानं यांच्यावरची चमक तो कमी करतो, उघड्या धातूवर त्याचं फारसं चालत नाही. गडद कपडे घाला आणि बटणाभोवती पांढऱ्या कागदाचा तंबू उभारा, म्हणजे प्रतिबिंब पडेल ते कोऱ्या पांढऱ्याचं.

आणि कृपा करून फोटोआधी आजोबांच्या कोटाची पितळी बटणं चिंचेने घासू नका! भोकांच्या कडांना साचलेला काळपटपणा हीच तर त्यांची ओळख. धूळ मात्र काढाच, कारण इतक्या जवळून एक तंतूसुद्धा दोरीएवढा दिसतो. त्यासाठी मऊ ब्रश किंवा दाबून हवा सोडायचा रबरी फुगा वापरा. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे कण बसतात. काळ्या मखमलीवर चिकटपट्टी फिरवून घ्या.

रंग चुकतात, पांढरं राखाडी होतं

कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडीवर आणून ठेवतो. काळ्या कोटावरचं पांढरं बटण त्यामुळे भाजून निघतं आणि पांढऱ्या सदऱ्यावरचं मळकट होतं. पहिल्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी करा, दुसऱ्यात वाढवा. फोनवर बटणावर बोट ठेवून बाजूची पट्टी सरकवली की झालं. खोलीतला दिवा आणि खिडकी दोन्ही चालू ठेवलीत तर बटणाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी येईल. कुठलं तरी एकच ठेवा. बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्यी लाटा उमटल्या तर अंतर किंवा कोन थोडा बदला, नंतर संगणकावर त्या काढणं फार जिकिरीचं.

लिफ्ट, स्विचबोर्ड, बेल

आपल्याकडे दिव्याचं बटणही बटणच, त्यामुळे विषयांची ददात नाही. चूक होते ती दाबायच्या बटणांना नुसता गोल समजण्यात. लिफ्टमध्ये ज्या मजल्याचा आकडा पुसट झालाय तिथे फोटो आहे. जुन्या वाड्यातल्या काळ्या खटक्याभोवती भिंतीवर बोटांचा तेलकट डाग पडलेला असतो. तो कापून फक्त खटका घेतलात तर उरतं ते हार्डवेअरच्या दुकानाचं कॅटलॉग. इथे रुंद लेन्सने जवळ जाऊ नका, बोर्डाच्या कडा फाकतात.

उजळलेल्या आकड्यांवर काळे पट्टे येत असतील तर दोष शटरच्या वेगाचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. लिफ्टचे एलईडी आकडे वेगळ्या लयीत चालतात, त्यांना १/३० पर्यंत खाली आणावं लागतं. मतदान यंत्राचं निळं बटण मात्र या यादीत नको. मतदान करतानाचा फोटो काढायला मनाई आहे, मग रचना कितीही सुंदर जमत असो.

श्रीखंडाचा डबा ओतायचा मोह

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सुया-दोऱ्यांसोबत साठवलेली सगळी बटणं ओतून वरून काढलेला फोटो प्रत्येकाकडे असतो, आणि तो सहसा कंटाळवाणा असतो. नजर ठरायला जागाच नाही. तीन-चार बटणं ठेवा, त्यातलं एक वेगळ्या मापाचं. त्याहून बरं म्हणजे बटण कपड्यावरच असू द्या. चार पांढऱ्या बटणांखाली एक दुधी, भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं, आणि शेजारी ताणलेलं काज. एवढ्यावर फोटो उभा राहतो.

निसर्गातली बटणं

प्रत्येक गोल वस्तू बटणासारखी नसते. टेनिसचा चेंडू बटण वाटत नाही, गोरखमुंडी या रानवनस्पतीचं बोंड मात्र वाटतं. भातकापणीनंतरच्या ओलसर खाचरांत ही जमिनीलगत पसरते, तिची जांभळट-गुलाबी बोंडं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. उभ्याने खाली बघत फोटो काढलात तर हिरव्या पसाऱ्यावर काही ठिपके, एवढंच हाती लागतं. फोन उलटा करून लेन्स जमिनीजवळ आणा, एक बोंड निवडा आणि मागे शेताचा बांध दूर राहील असं बघा.

गुंजेचा लाल इतका भडक असतो की फोटोत तो नुसता लाल पट्टा होतो, गोलाई हरवते. एक्स्पोजर एक स्टॉपने कमी ठेवा. बिया विषारी आहेत. भोकं पाडून बटणं करायचा खेळ नको आणि फोटोनंतर त्या मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नका.

कासच्या पठारावर गेंद या रानफुलाची पांढरी डोकी पावसाळ्यात बारीक दांड्यांवर डोलतात. तिथली तक्रार नेहमीची: वाऱ्याने फोटो हलतो. सकाळी लवकर जा, शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि झुळूक थांबायची वाट बघा. आडवं पडून फुलांच्या रांगेत लेन्स घुसवण्याची जी फॅशन आहे ती मला अजिबात मान्य नाही. खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि एका फोटोखाली हातभर रोपं चिरडतात. वाटेवरूनच लांबची लेन्स वापरा.

बेशरमीच्या किंवा रताळ्याच्या पानांवर कासव भुंगेरा शोधा. काही जाती हुबेहूब सोनेरी बटण. त्याला पकडून डबीत घरी आणणं ही मोठी चूक, कारण हा सोनेरी रंग त्याच्या कवचातल्या ओलाव्यावर टिकलेला असतो. किडा मेला की सोनं जातं आणि तपकिरी टरफल उरतं. पानावरच, ढगाळ उजेडात टिपा. फ्लॅश वापरायचाच तर त्यावर पांढरा रुमाल धरा.

पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यांवर कधी कधी निळ्या चकत्या वाहून येतात. पॉर्पिटा नावाचा हा जीव, इंग्रजीत याला निळं बटणच म्हणतात. चकती दोन-तीन सेंटिमीटरची, भोवती निळ्या तंतूंची झालर. कोरड्या वाळूवर झालर चिकटून गोळा होते आणि फोटोत नुसता निळा चिखल दिसतो, म्हणून वाळूतल्या उथळ पाण्यात तरंगणारा शोधा, आणि पोलरायझर असेल तर इथे लावा. हात लावू नका. याचा दंश सौम्य असला तरी त्वचा चुरचुरते, आणि त्याच दिवसांत फुग्यासारखा निळसर पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरही किनाऱ्याला लागतो, त्याचा दंश फार वाईट. गुडघे टेकण्याआधी आजूबाजूची वाळू नीट बघून घ्या. घरी आल्यावर लेन्स आधी गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. सुकलेल्या मिठावर थेट कोरडं कापड फिरवलं तर काचेवर चरे पडू शकतात.