आवर्तसारणीत धातूचा प्रकार कसा ओळखायचा, आणि तो मानवनिर्मित आहे का हे कसं बघायचं

हे दोन प्रश्न एकत्र केले की सगळा घोळ होतो. धातू कुठल्या प्रकारचा हे ठरतं इलेक्ट्रॉनांवरून, म्हणजे टेबलमधल्या जागेवरून, आणि तो निसर्गात टिकतो की नाही हे ठरतं न्यूक्लियसवरून, त्यामुळे ‘सिंथेटिक (म्हणजे मानवनिर्मित) धातू’ असा वेगळा गण नसतोच.

आधी बोरॉनपासून उजवीकडे खाली उतरणारी नागमोडी रेषा शोधा. डावीकडे सगळे धातू (हायड्रोजन सोडून), उजवीकडे अधातू. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम हे रेषेला चिकटलेले धातुसदृश. ॲल्युमिनियमही चिकटलेलंच आहे पण ते सरळ धातू.

मग गण, म्हणजे टेबलमधला उभा रकाना, बघा. 1 म्हणजे अल्क धातू, 2 म्हणजे अल्कधर्मी मृदा धातू, 3 ते 12 संक्रामक, त्यांच्या पुढे टिन, शिसं, बिस्मथ वगैरे मंडळी. खाली वेगळ्या काढलेल्या दोन ओळींत 57 ते 71 लँथॅनाइड आणि 89 ते 103 ॲक्टिनाइड. जस्ताबद्दल वाद होतो, कारण त्याचं डी कवच पूर्ण भरलेलं असतं आणि आयन झाल्यावरही भरलेलंच राहतं, म्हणून काटेकोर व्याख्येत ते संक्रामक बसत नाही, पण बरेच तक्ते त्याला तिथेच रंगवतात. परीक्षेला आपलं पुस्तक म्हणेल ते लिहा.

आता दुसरा प्रश्न. अणुअंक 43 आणि 61 हे दोन, आणि 93 पासून पुढचं सगळं मानवनिर्मित धरा. 43 म्हणजे टेक्नेशियम, आजूबाजूला सगळे टिकाऊ धातू आणि मधेच हा, एकही स्थिर समस्थानिक नाही. 1937 मध्ये पेरिए आणि सेग्रे या शास्त्रज्ञांना तो इटलीतल्या पालेर्मोत सापडला, तोही अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीत. पण गण 7, म्हणजे संक्रामक धातूच! नंतर युरेनियमच्या खनिजात टेक्नेशियम, नेपच्युनियम, प्लुटोनियम अगदी लेशमात्र मिळाले, तरी सवयीने त्यांना सिंथेटिकच म्हणतात.

तक्त्यात अणुवस्तुमान कंसात दिसलं की लगेच सिंथेटिक म्हणू नका, रेडियम आणि पोलोनियमचंही कंसातच असतं आणि ते निसर्गात सापडतात.

ही मूलद्रव्यं बनतात कशी ते समजायला फक्त प्रोटॉनची बेरीज करा. कॅल्शियमचे 20, बर्केलियमचे 97, दोन्ही जोडले गेले की 117, टेनेसिन. साधारण 100 पर्यंत, म्हणजे फर्मियमपर्यंत, न्यूट्रॉन खायला घालत जाता येतं, कारण आत गेल्यावर न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊ शकतो (आइनस्टाइनियम आणि फर्मियम तर पहिल्यांदा 1952 च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांत मिळाले), त्यापुढे मात्र न्यूक्लियस वेगाने एकमेकांवर आदळवणारा ॲक्सिलरेटरच लागतो.

सरावासाठी अमेरिशियम घ्या, अणुअंक 95. खालच्या ओळीत आहे म्हणून ॲक्टिनाइड धातू, 92 च्या पुढे म्हणून मानवनिर्मित, दोन उत्तरं वेगवेगळी लिहायची. काही स्मोक डिटेक्टरमध्ये हाच असतो.

104 पासून पुढे जरा जपून. मोजकेच अणू बनतात आणि बरेचसे पटकन विघटित होतात, त्यामुळे काहींचे गुणधर्म तपासलेत आणि बाकीच्यांचा प्रकार जागेवरून धरलेला अंदाज आहे. ओगॅनेसॉन 18 व्या, म्हणजे निष्क्रिय वायूंच्या गणात आहे म्हणून तो वायूच असेल असं नाही. तिथल्या काही चौकोनांना राखाडी रंग दिसला तर ती छपाईची चूक समजू नका, त्यांचा प्रकार अजून पक्का नाही इतकाच त्याचा अर्थ.