इंग्रजी नामापुढे सरसकट ‘ऑफ’ लावताय? या चुका टाळा

रजेच्या अर्जात ‘रीझन ऑफ लीव्ह’ सर्रास दिसतं. रजे‘चं’ कारण, म्हणून ‘ऑफ’, असा सरळ हिशेब. पण रीझनला ‘फॉर’ लागतो: ‘रीझन फॉर लीव्ह’. गंमत म्हणजे त्याचाच भाऊ कॉज मात्र ‘ऑफ’ घेतो: ‘द कॉज ऑफ द फायर’. बरं, तोही कायमचा नाही. काळजी करण्यासारखं काही आहे असं म्हणायचं असलं, की ‘कॉज फॉर कन्सर्न’.

आपले चा-ची-चे भलतेच सोशिक. कुठलंही नातं सांभाळून घेतात. इंग्रजीत तसं चालत नाही. प्रश्नाचं उत्तर ‘आन्सर टू’, कुलपाची किल्ली ‘की टू’, पिकांचं नुकसान ‘डॅमेज टू’, गणिताची आवड ‘इंटरेस्ट इन’, पाण्याची गरज ‘नीड फॉर’. ही यादी पाठच करावी लागते, आणि तीही नाम आणि त्याचं प्रिपोझिशन (ऑफ, फॉर, टू, इन असे छोटे शब्द) अशी जोडीनेच.

‘इन्क्रीज’ला मात्र नियम आहे. काय वाढलं ते ‘इन’ने सांगायचं, किती वाढलं ते ‘ऑफ’ने. दुधाचा भाव २ रुपयांनी वाढला, तर ‘ॲन इन्क्रीज ऑफ टू रुपीज इन द प्राइस ऑफ मिल्क’. राइज, फॉल, ड्रॉप यांचंही असंच.

सगळ्यात चिवट चूक वेगळीच: नामाचं प्रिपोझिशन क्रियापदाला चिकटवणं. ‘डिस्कशन अबाउट द बजेट’ बरोबर, म्हणून मीटिंगच्या टिपणात ‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट’ येतं. तिथला ‘अबाउट’ खोडा. ‘ॲन ऑर्डर फॉर टू कॉफीज’ ठीक, पण ‘आय ऑर्डर्ड टू कॉफीज’. डिमांड आणि रिक्वेस्ट यांनाही नाम असतानाच ‘फॉर’ हवा. ‘एम्फसिस ऑन’ लिहा, एम्फसाइझला मात्र ‘ऑन’ नको. आपल्याकडच्या ऑफिसांत ही चूक इतकी रुळली आहे, की बरोबर वाक्यच अर्धवट वाटतं!

विशेषणावरून नाम केलं की तर प्रिपोझिशनच बदलू शकतं: ‘प्राउड ऑफ’ पण ‘प्राइड इन’, ‘फाँड ऑफ’ पण ‘फाँडनेस फॉर’.

शंका आली तर नुसत्या अर्थाच्या कोशापेक्षा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी प्रकारातला कोश उघडा. त्यात शब्दापुढे बहुधा ठळक अक्षरात त्याचं प्रिपोझिशन आणि एखादं वाक्य दिलेलं असतं. फक्त नोंद नामाची आहे की क्रियापदाची, ते आधी बघा. डिमांडसारख्या शब्दाच्या दोन्ही असतात.