धास्तावलेल्या मनासाठी टॅरो: पत्ता बघायचा, कौल लावायचा नाही

मी भविष्य सांगत नाही, आणि पत्त्यांना ते कळतं असंही मला वाटत नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले. त्यावरून भविष्य बघायची टूम फ्रान्समध्ये निघाली ती थेट अठराव्या शतकात. तोवर लोक या पत्त्यांनी निवांत डाव खेळत होते. मी ते वापरते ते पोटात गोळा आला, छातीत धडधडायला लागलं की हातांना आणि डोळ्यांना काम हवं म्हणून. सात वर्षं झाली.

कॅट घ्यायचा तो रायडर-वेटचा. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला, ७८ पत्त्यांचा. त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या साध्या पत्त्यांवरही त्यांनी प्रसंग रंगवले, आणि आपल्याला नेमके तेच हवेत. जुन्या, मार्सेय नावाच्या फ्रेंच धर्तीच्या कॅटात तलवारींची नव्वी (तलवारी हा टॅरोतला एक रंग, आपल्या इस्पिक-बदामासारखा) म्हणजे नुसत्या नऊ तलवारी. त्यात बघत बसण्यासारखं काही नाही. पहिला कॅट कुणीतरी भेटच द्यायला हवा, काळ्या रेशमात गुंडाळा, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवा, शेजारी स्फटिक मांडा, हे सगळं सोडून द्या. दुकानातून आणा आणि रबरबँड लावून ठेवा. सोबतची अर्थांची पुस्तिका महिनाभर तरी उघडू नका.

पत्ते आकाराने मोठे असतात, रमीसारखे पिसता येत नाहीत. चादरीवर पालथे पसरा आणि दोन्ही तळव्यांनी दहीभातासारखे कालवा. श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ सोडताना लावा. दोनेक मिनिटं पुरे. मग एक पत्ता उलटा. चित्र डोकं खाली, पाय वर असं आलं तर सरळ करून ठेवा. उलट्या पत्त्याचा अर्थ वेगळा म्हणतात, आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

इथवर कुणालाही जमतं. घोटाळा यापुढे होतो, आणि माझा तो चांगला दोनेक वर्षं होत होता.

बाबांची अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी होती. रात्रीचा दीड. मी विचारलं, "उद्या सगळं नीट होईल ना?" आणि पत्ता उलटला. टॉवर. वीज पडलेला मनोरा, त्यातून खाली कोसळणारी दोन माणसं. हातपाय गार पडले. म्हटलं, नीट कालवले नव्हते, परत काढू. मग चंद्र आला. परत. शेवटी एकदाचा सूर्य आला, तर तो खोटा वाटला, कारण तो मी मागून मागून मिळवला होता. तरीही थांबले नाही. फरशीवर चौदा पत्ते झाले तेव्हा आई पाणी प्यायला उठली. "एकटीच पत्ते खेळतेयस?" म्हणाली, आणि वाकून त्यातला एक उचलला. तलवारींची नव्वीच होती ती: अंथरुणात उठून बसलेलं, तोंड ओंजळीत झाकलेलं माणूस. आईने चष्म्याशिवाय तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "गोधडी बघ किती छान आहे."

मी तो पत्ता शंभरदा तरी पाहिला असेल. गोधडी कधी दिसली नव्हती. चौकोन चौकोन जोडलेली, काही चौकोनांत गुलाब, काहींत राशींची चिन्हं. मग आम्ही दोघी बघत बसलो. पलंगाच्या लाकडावर दोन माणसांची झुंज कोरलेली. तलवारी सगळ्या मागच्या काळोखात आडव्या, एकही अंगात घुसलेली नाही. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की धडधड थांबली आहे.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिथे देवाला कौल लावतात: मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तेही कुणी मनाजोगता पडेपर्यंत लावत बसलं तर आजी वसकन अंगावर यायची. त्या रात्री मी तेच करत होते, आणि तेही देवाशिवाय. धास्तीचा स्वभावच असा आहे की तिला हमी हवी असते, हमी मिळाली की घटकाभर बरं वाटतं, आणि मग त्या हमीचीच शंका येते. पत्त्यांना "काय होईल?" विचारलंत की ७८ हमीपत्रं हातात घेऊन बसलात असं समजा. पहाट होईल.

म्हणून प्रश्न विचारायचाच नाही. "रिपोर्ट कसा येईल", "तो फोन करेल का", "नोकरी टिकेल का", यातलं काहीही नाही. पत्ता उलटला की त्यात काय दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं, लहान मुलाला चित्र दाखवताना म्हणतो तसं. आकाश कुठल्या रंगाचं? पाय जमिनीवर आहेत की पाण्यात? हातात काय आहे? तलवारींच्या अठ्ठीत डोळे बांधलेली, दोऱ्यांनी जखडलेली बाई आहे. तिचे पाय मात्र मोकळे आहेत, हे तुमचं तुम्हाला दिसू द्या, पुस्तकातून नको. तीन मिनिटं तरी बोलत राहा. घरात लोक असतील तर पुटपुटा. मनातल्या मनात मात्र नको, कारण मनात आधीच गर्दी असते.

दुसरा पत्ता काढावासा वाटेलच. तेव्हा पहिल्याच पत्त्यात आणखी तीन वस्तू शोधा. तरीही हात शिवशिवला तर कॅट उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून या. दिवसाला एक पत्ता, यात सूट नाही.

आणि घालमेल अगदी टिपेला असेल तेव्हा पालथा पत्ता काढूच नका. त्या वेळी मनाला कुठलाही पत्ता निकालासारखा वाटतो. सगळे सुलटे पसरा आणि आपल्याला आत्ता जसं वाटतंय तसं दिसणारा एक उचला. त्याच्या शेजारी, जसं वाटायला हवंय तसा दुसरा. निवडलेले असल्यामुळे हे दोन चालतात. माझा दुसरा बहुतेक वेळा तलवारींची चव्वी असतो: देवळात हात जोडून आडवा पडलेला सरदार. ती थडग्यावरची मूर्ती आहे म्हणून लोक बिचकतात. मला तो दुपारी पंखा लावून पडल्यासारखा वाटतो. भीतीदायक पत्ते कॅटातून काढून टाका असा एक सल्ला फिरतो, तो ऐकू नका. काढलेला पत्ता कपाटात पडून जास्त घाबरवतो.

शेवटी वहीत तारीख, पत्त्याचं नाव आणि एक ओळ: आज नवीन काय दिसलं. अर्थ लिहायचा नाही.

फोनवरची टॅरोची ॲप्स काढून टाका. तिथे पुढचा पत्ता एका बोटावर असतो, आणि रात्री दीड वाजता बोट कुणाचं ऐकत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कामावर जाणं जड होत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर ते पत्त्यांचं काम नव्हे. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ लावा, ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

माझा कॅट स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे असतो. तिथवर जाईपर्यंत दिवा लावावा लागतो, आणि मग बरेचदा मी चहाच ठेवते.