चार आवाज, एक हुक: नागपुरात गर्ल ग्रुपचं डान्स सिंगल करताना

माझ्याकडे काम शिकायला येणारी बहुतेक मुलं लॅपटॉप उघडून आधी बीट ऐकवतात. किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, दमदार असते; ड्रॉप, म्हणजे बीट एकदम जोरात सुटते ती जागा, तीही जमलेली असते. मी विचारते, गाणार कोण? तिथे सगळे गप्प होतात. व्होकल प्रोडक्शनमध्ये, म्हणजे गाण्यातले आवाज बसवण्याच्या कामात, यायचं असेल तर या प्रश्नापासून सुरुवात करा. गर्ल ग्रुपच्या डान्स सिंगलमध्ये बीट लवकर उभी राहते, जीव जातो तो आवाजांवर.

नागपुरातल्याच चार मुलींसाठी आम्ही एक मराठी ट्रॅक केला. टेम्पो मिनिटाला 120 बीट. म्हणजे एक बीट अर्ध्या सेकंदाची, चार बीटचा बार 2 सेकंदांचा, 8 बारचा हुक (परत परत येणारा, तोंडी बसणारा भाग) 16 सेकंदांत संपतो. हा हिशोब तोंडपाठ हवा, कारण कोरिओग्राफर आठाच्या काउंटमध्ये बोलतो आणि त्याचा एक आठ म्हणजे आपले 2 बार. डान्स ब्रेक 7 बारचा पाठवलात तर तालमीतून लगेच फोन येतो.

मग पट्टी. एकीला काळी चार सोयीची, दुसरीचा आवाज तिथे चिरकतो. चौघींचा मध्य काढत बसू नका. हुक जिच्या गळ्यात सगळ्यात खुलतो तिची पट्टी धरा आणि बाकीच्यांच्या ओळींची चाल खाली-वर वळवून घ्या. ओळींची वाटणीही मोजूनमापून सारखी होत नाही. आईबाबा तालमीला येऊन बसलेले असले की हे सांगणं जड जातं, पण सांगावं लागतं. 2002 मध्ये चॅनल व्हीच्या ‘पॉपस्टार्स’मधून निवडलेल्या व्हिवा ग्रुपमधल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे स्वतंत्र गायिका म्हणून ओळखल्या गेल्या. ग्रुपमध्ये गातानाही प्रत्येकीचा गळा ओळखू आला पाहिजे, निदान अंतऱ्यात तरी.

हुकमध्ये मात्र उलट. तिथे चौघी मिळून एक आवाज व्हायला हवा. आमचा हुक ‘नाच’ या शब्दावर संपत होता. प्रत्येकीचे डबल घेतले, म्हणजे तीच ओळ पुन्हा गाऊन घेतली, सगळे एकत्र वाजवले, तर शेवटचा ‘च’ चार वेगवेगळ्या जागी पडत होता, कोणी सुपारी कातरत बसावं तसा. उपाय सोपा आहे: ‘च’ फक्त लीडने, म्हणजे मुख्य आवाजाने, म्हणायचा, बाकीच्या तिघींनी ‘ना’ लांबवून तिथेच सोडून द्यायचा. शास्त्रीय शिकलेली मुलगी अडून बसली, “ताई, अर्धा शब्द कसा गाऊ?” तिला चारही ट्रॅक एकत्र ऐकवले आणि पुढच्या टेकला तिने स्वतःच ‘च’ सोडला. ‘स’ आणि ‘ट’ने संपणाऱ्या ओळींनाही हीच युक्ती लागू पडते. जे उरतं ते एडिटमध्ये सरकवून जुळवा, पण अंतरा ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बीटच्या रेघांवर, ठोकून बसवू नका. तिथली थोडी मागेपुढे गायकीच गोड लागते.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असला तरी टेक घेताना कूलर बंदच ठेवावा लागतो. त्याची घरघर मिक्समध्ये कम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारं साधन) लावला की आणखी वर येते. सेशन सकाळी ठेवा, पण गळा मोकळा व्हायला मुलींना वेळ द्या. तर्री-पोहे सेशन संपल्यावर.

मिक्समध्ये लीड मधोमध, डबल डावी-उजवीकडे, त्यांचा खालचा भाग कापलेला. बेस किकच्या प्रत्येक ठोक्याला किंचित दबला की नाचायला जागा होते. मग तोच मिक्स मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका, गॅदरिंगच्या स्पीकरवर बरेचदा तसाच वाजतो.

कागदपत्रांची लाज बाळगू नका. शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे रेकॉर्डिंगआधी लिहून सह्या घ्या. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. त्यांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं. गायिकांच्या रॉयल्टीसाठी 2013 मध्ये नोंदणी झालेली इस्रा ही संस्था आहे, तिचं नाव आता इसाम्रा आहे. रिलीजआधी गाण्याला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, मिळाला की नाही तेही बघा.

आणि फायनल मिक्ससोबत लीड नसलेला, फक्त मागचे आवाज ठेवलेला मिक्स त्याच दिवशी काढून ठेवा. मुली स्टेजवर नाचत लीड प्रत्यक्ष गातील तेव्हा तोच लागतो, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तो मागणारा फोन हमखास येतो.